प्लास्टरवरचं वचन

आमच्या घरात सगळ्यात महागाची वस्तू म्हणजे दादांची पाठ. माझे वडील, दादा, पिंपळगाव बसवंतच्या मार्केटात कांद्याच्या गोण्या वाहायचे. आई द्राक्षाच्या हंगामात पॅकहाऊसला घड साफ करायला जायची आणि हंगाम संपला की विंचूरला कांदा निवडायला. मी नववीत असताना टेम्पोत गोणी चढवताना दादांच्या पाठीत काहीतरी ‘कट्’ वाजलं आणि ते तिथंच खाली बसले. डॉक्टरांनी चिठ्ठीवर लिहून दिलं, विश्रांती घ्या. आई म्हणाली, “ती कोन्त्या दुकानात मिळती, ते बी लिहून द्या म्हनावं.”

पुढची दोन वर्षं आम्ही कोंब आलेल्या कांद्यावर काढली. व्यापारी घेत नाही तो कांदा निवडणाऱ्या बायांना मिळायचा. चर्चच्या मंडळीने आमच्या घरी दर बुधवारी प्रार्थना ठेवली. दादांच्या पाठीसाठी लोक डोळे मिटून कळवळून मागायचे, आणि मग चहा प्यायचे. दूध-साखर आमची. तिसऱ्या बुधवारी आईने पाळकसाहेबांना दारातच सांगितलं, “साहेब, तुमच्या तुमच्या घरूनच प्रार्थना करा. देवाला काय, कुठूनबी ऐकू येतंय.”

बारावीला मला डॉक्टर होण्याइतके मार्क पडले नाहीत. फिजिओथेरपीला लागतात तेवढे पडले. आमच्या घराण्यात कॉलेजची पायरी चढलेली मी पहिलीच, त्यामुळे कोणता कोर्स बरा आणि कोणता वाईट हे सांगणारं कोणी नव्हतं. दादांनी विचारलं, “हे काय अस्तं?” मी म्हटलं, “पाठ दुरुस्त करायचं शिक्षण.” ते म्हणाले, “मग बिगीबिगी शिक.”

हे सगळं आधी सांगितलं, कारण नाताळ अंकाच्या संपादकांना माझ्याकडून परदेशातल्या सेवेचा ‘प्रेरणादायी’ अनुभव हवा आहे. अनुभव देते. प्रेरणा निघाली तर ज्याची त्याने घ्यावी.

माझा धंदा काय, हे आजही लोकांना कळत नाही. नाशकात इंदिरानगरला माझा दवाखाना आहे, पाटीवर पदवी लिहिलेली आहे, तरी परवा एक मावशी फोनवर म्हणाल्या, “ताई, तेल तुम्ही आणणार की आम्ही द्यायचं?” मी म्हटलं, “तेल भाजीत घाला, मावशी. मी मालीश करत नाही.” फिजिओ म्हणजे जखडलेलं अंग हलतं करणं आणि ते हलतं ठेवायला माणसाला शिकवणं. माझा एक पेशंट निवृत्त फौजदार होता. गुडघ्याचे व्यायाम घरी करायला सांगितले तर म्हणाला, “मॅडम, आमच्याकडे व्यायाम आरोपी करतात.” त्याचा गुडघा अजून वाकत नाही. पेन्शन मात्र वेळेवर येते.

यातलं माझं आवडतं काम तान्ह्या मुलांचं. काही मुलं जन्मतःच आत वळलेल्या पावलांची असतात. तळवे एकमेकांकडे बघतात, नमस्कार केल्यासारखे. तसंच सोडलं तर मूल पुढे पावलाच्या कडेवर चालतं, आणि मुलगी असेल तर लग्नाच्या बाजारात सगळ्यात आधी तिचे पाय पाहिले जातात. यावर मोठं ऑपरेशन लागत नाही. दर आठवड्याला पाऊल हाताने थोडं बाहेर वळवायचं आणि मांडीपर्यंत प्लास्टर घालायचं. पुढच्या आठवड्यात ते भिजवून काढायचं, आणखी थोडं वळवायचं, नवं प्लास्टर. असं पाच-सहा आठवडे. मग टाचेवरच्या शिरेला डॉक्टरांकडून एक बारीक छेद, आणि त्यानंतर दांडीला जोडलेले छोटे बूट. द्राक्षाची कोवळी काडी तारेवर वळवतात ना, तसं. एकदम वळवली तर मोडते, मध्येच सोडली तर परत होती तिथं. हाडांचे डॉक्टर गायकवाड आणि मी मिळून नाशकात वर्षानुवर्षं हे करत आलो. शेवटचं वाक्य ध्यानात ठेवा: मध्येच सोडायचं नसतं.

आता सेवाफेरी. आमचे नवे पाळकसाहेब कुठल्याशा परिषदेहून आले ते ही कल्पना घेऊनच. आफ्रिकेत मलावी नावाचा देश आहे, तिथे तळ्याकाठच्या एका गावात ओळखीच्या चर्चचा छोटा दवाखाना आहे, तिथे दोन आठवडे वैद्यकीय शिबिर घ्यायचं. कल्पना उभी राहून टाळ्यांच्या गजरात मंजूर झाली. एके काळी गोरे लोक आमच्या पणजोबांना एका हाताने हिवतापाचं कुनैन आणि दुसऱ्या हाताने बायबलचं वचन द्यायला आले होते. आता आम्हीही कोणाकडे तरी निघालो. प्रगती म्हणतात ती हीच.

औषधांची यादी एका मीटिंगमध्ये झाली. टी-शर्टच्या रंगाला तीन लागल्या. भगवा नको, लोक वेगळं समजतील. हिरवा नको, लोक आणखी वेगळं समजतील. निळा घेतला तर निवडणूक जवळ आली होती. शेवटी जांभळा ठरला. मुंबई विमानतळावर आम्ही सगळे वांग्याच्या गोणीतून सांडल्यासारखे दिसत होतो.

मला सेवेची हाक वगैरे ऐकू आली नव्हती. मला विमानात बसायचं होतं. हे मी अर्जातही जवळजवळ असंच लिहिलं होतं, पण फिजिओ मी एकटीच असल्यामुळे घेतलं.

आमच्यात सुमनआक्का होत्या. महिला मंडळाच्या अध्यक्षा, शाळेतून निवृत्त झालेल्या चित्रकलेच्या बाई. त्यांना औषधातलं काही कळत नव्हतं, म्हणून त्यांच्याकडे ‘आत्मिक विभाग’ दिला होता. बॅगेत एक साडी, लसणाच्या चटणीची बरणी आणि बाकी सगळे रंगीत मार्कर.

गाव सुरेख होतं. तळं इतकं मोठं की पलीकडचा काठ दिसत नाही. निम्मं गाव ख्रिस्ती, निम्मं मुसलमान, आणि कोणाला त्याचं काही वाटत नाही. दवाखान्यात एकच नर्स होती. तिचं नाव मेमरी. तिकडे अशी नावं ठेवतात. तिचं इंग्रजी आमच्या सगळ्यांपेक्षा चांगलं, त्यामुळे पाळकसाहेब तिच्याशी फार हळू आणि मोठ्याने बोलायचे, आणि ती तितक्याच हळू आणि मोठ्याने उत्तर द्यायची. हे टोमणे मारणं आहे हे कळायला त्यांना आठवडा लागला.

पहिल्याच सोमवारी हलिमा आली. विशीतली पोर, पाठीला रंगीत कापडात बांधलेली तान्ही मुलगी. मुलीचं नाव आयशा. कापड सोडलं आणि मी पाहिलं, दोन्ही तळवे एकमेकांकडे वळलेले. आमच्याबरोबर आलेल्या डॉक्टर गायकवाडांकडे मी पाहिलं, त्यांनी माझ्याकडे. अशी मुलं आणखीही काही आली, पण आयशाचे पाय सगळ्यात कडक होते.

मेमरी म्हणाली, “जिल्ह्याच्या गावी याचा दवाखाना आहे. पण इथून बसने अख्खा दिवस जातो. आया एकदा जातात, दोनदा जातात, मग नाही जात.”

डॉक्टरांनी पाय वळवले, मी धरले, प्लास्टर झालं. पोरगी रडली, मग दूध पिऊन झोपली. झकास काम. आणि तेव्हा सुमनआक्का मार्कर घेऊन पुढे आल्या.

नाशकात कोणाचा हात मोडला तर शाळेतली मुलं प्लास्टरवर नावं लिहितात, आक्कांच्या डोक्यात ते असणार. त्यांनी तिथल्या भाषेतलं वचन कोणाकडून तरी उतरवून घेतलं होतं. पायांबद्दलचंच, देव तुला अडखळू देणार नाही अशा अर्थाचं. आयशाच्या दोन्ही प्लास्टरांवर त्यांनी ते लाल आणि निळ्या रंगात लिहिलं. वर क्रूस, खाली वेल, वेलीला द्राक्षं. खरं सांगते, काय अक्षर होतं! आम्ही सगळ्यांनी वाहवा केली. पाळकसाहेबांनी फोटो काढून नाशिकच्या ग्रुपवर टाकला. पन्नास अंगठे आले.

हलिमाने पोरीला परत पाठीला बांधलं. मेमरीने तोंड उघडलं आणि परत मिटलं. आम्ही पाहुणे होतो.

पुढच्या सोमवारी बाकीच्या सगळ्या आया प्लास्टर बदलायला आल्या. हलिमा नाही. दुपार झाली तरी नाही.

“आजारी असेल का?” मी मेमरीला विचारलं.

“नाही.”

“मग?”

“तुम्ही चला माझ्याबरोबर. मी सांगितलं तर तुम्ही म्हणाल मी वाढवून सांगते.”

हलिमाचं घर तळ्याच्या बाजूला होतं. अंगणात बांबूच्या मांडवावर बोटाएवढी मासळी वाळत घातलेली, आपल्या सुकटीसारखाच वास. उंबऱ्याशी हलिमाची आजी बसली होती. तिकडे म्हातारीला ‘अगोगो’ म्हणतात, आपल्या आजीसारखंच. आयशा तिच्या मांडीवर होती. पाय उघडे. आठवड्याभरात मिळवलेलं सगळं गेलेलं, पावलं परत आत.

मी मेमरीच्या तोंडून सांगितलं, “अगोगो, आमच्याकडून चूक झाली. आमच्या धर्माचं लिहिलं म्हणून तुम्हाला राग आला असेल.”

म्हातारीने जिभेने ‘च्च’ केलं आणि बोलायला लागली. मेमरी एकेक वाक्य सांगत गेली.

“कोणाच्या धर्माचं, हे मी विचारलं का? देवाचं नाव होतं. ते पायावर लिहिलं. पोरगी त्यावर मुतते. तिची आई ते मांडीवर घेते, जमिनीवर ठेवते, कोंबडी त्यावरून जाते. हे मी रोज उठून बघायचं? म्हणून मी ते भिजवून काढलं आणि तुकडे झाडाखाली पुरले, कोणाच्या पायदळी येऊ नयेत म्हणून.” मग तिने माझ्याकडे नीट पाहिलं. “तुमच्या देशात देवाचं नाव पायावर लिहितात?”

आता काय सांगणार? आमच्याकडे वहीला चुकून पाय लागला तरी पोरं वही उचलून कपाळाला लावतात. हिंदूची लावतात, मुसलमानाची लावतात, आमचीही लावतात. मी लहानपणी भूगोलाचं पुस्तक पायाने सरकवलं होतं तर आईने उलथन्याने समाचार घेतला होता. एवढी शिकलेली आम्ही वांगी समुद्र ओलांडून आलो, आणि जी गोष्ट पिंपळगावच्या शाळेत पहिलीतल्या पोराला कळते ती विमानातच विसरलो.

“नाही लिहीत,” मी म्हटलं.

“मग कोरं घाला. उद्या आणते तिला.” मी उठणार तोच ती म्हणाली, “आणि तुम्ही कधी जाणार?”

“शनिवारी.”

“मग पुढचं कोण घालणार?”

या प्रश्नाला आमच्या टीमचं एक तयार उत्तर होतं. पाळकसाहेबांनी ते पहिल्याच दिवशी सगळ्यांना दिलं होतं: आपण बीज पेरू, पुढचं प्रभू पाहील. प्रभू पाहतो याबद्दल माझी तक्रार नाही. पण दर सोमवारी बादली भरून प्लास्टर भिजवायला तो त्या दवाखान्यात उतरणार नव्हता. मी म्हातारीला ते उत्तर दिलं नाही. “उद्या सांगते,” म्हटलं.

परत येताना मी मेमरीला विचारलं, “तू शिकशील?”

“मी पहिल्या दिवसापासून तुमच्या मागे उभी आहे, अमाई,” ती म्हणाली. अमाई म्हणजे बाई, मानाने. “तुम्ही मला पट्ट्या धरायला लावता. आणि चहा आणायला.”

संध्याकाळी जेवताना मी जाहीर केलं की उद्यापासून पाठदुखी, कंबरदुखी, फोटो, गाणी, सगळं माझ्याकडून बंद. उरलेले दिवस मी फक्त मेमरीला शिकवणार, आणि डॉक्टरांनी माझ्याबरोबर बसायचं.

पाळकसाहेबांचा घास हातातच राहिला. “बाई, शुक्रवारी कृतज्ञता सभा आहे. शे-दोनशे लोक तुमच्याकडे तपासायचे राहिलेत. आपण इथे सेवा करायला आलो की शिकवणी घ्यायला?”

“शिकवणं ही सेवा नसेल तर तुम्ही दर रविवारी काय करता, साहेब?”

डॉक्टर गायकवाड भातात बघून हसले, मग गंभीर झाले. “अहो, पण नर्सच्या हाती एवढं द्यायचं? चुकीचं वळवलं तर पाय बिघडतो.”

“आणि मध्येच सोडला तर?”

त्यांनी ताट बाजूला सारलं. म्हणाले, “टाचेवरचा छेद मात्र जिल्ह्याच्या डॉक्टरांनीच द्यायचा. तेवढं मान्य असेल तर मी बसतो.” त्यासाठी हलिमाला एकदाच बसचा प्रवास करावा लागणार होता, दर आठवड्याला नाही. मी लगेच मान्य केलं.

सुमनआक्कांना मी त्याआधीच बाजूला घेऊन सगळं सांगितलं होतं. त्यांनी दोन्ही हातांनी तोंड झाकलं. “अगं बाई! पायावर! मला कसं सुचलं गं? माझ्या आईने माझा हातच मोडला असता.”

दुसऱ्या दिवशी अगोगो, हलिमा आणि आयशा आल्या. आक्का उठून थेट म्हातारीसमोर गेल्या आणि आपल्या पद्धतीने दोन्ही कान पकडून उभ्या राहिल्या. म्हातारीने निरखून पाहिलं आणि काळजीने मेमरीला काहीतरी सांगितलं.

“काय म्हणते?” आक्कांनी विचारलं. डोळ्यांत पाणी.

“म्हणते, यांचे कान फार दुखतायत, आधी यांना तपासा. आम्ही थांबतो.”

मेमरीने मग खरा अर्थ सांगितला. म्हातारी इतकी हसली की तिच्या मांडीवरची आयशा घाबरून रडायला लागली. आक्का भोकाड पसरून रडल्या, नंतर त्याही हसल्या. मग दोघी भिंतीला टेकून बसल्या आणि आक्कांनी तिला लसणाची चटणी चाखवली. भाषा एक अक्षर समजत नसताना त्या दुपारभर सुनांबद्दल बोलत होत्या, याची मला खात्री आहे. हातवारे तसेच होते.

पुढचं मेमरी घालणार असं म्हातारीला सांगितलं, आयशाला कोरं प्लास्टर घातलं, आणि शिकवणी सुरू झाली. घोट्याच्या बाहेर, जरा पुढे, बोटाला एक टेंगूळ लागतं. अंगठा तिथे टेकवायचा आणि पावलाचा पुढचा भाग हळूहळू बाहेर न्यायचा. टाचेला अजिबात हात लावायचा नाही. नवीन माणूस हमखास टाच पकडतो. मेमरीनेही पकडली. मी तिच्या हातावर चापट मारली, तिने माझ्याकडे असं पाहिलं की मी पुन्हा मारली नाही. दुसऱ्या बाळाला तिने टाच सोडली. तिसऱ्याला टेंगूळ लगेच सापडलं. पण प्लास्टर जाडजूड, ओबडधोबड, चुलीला पोतेरं केल्यासारखं. डॉक्टर म्हणाले, “काढा. परत.” तिने काढलं, परत घातलं. “काढा. परत.” बाळाची आई वैतागली. मेमरी नाही वैतागली. दवाखान्यात बाळं संपली तेव्हा तिने आमच्या टीममधल्या लोकांच्या हातांना प्लास्टर घालून सराव केला. पाळकसाहेबांचा डावा हात तिने मुद्दाम निवडला. कृतज्ञता सभेत त्यांनी एका हाताने आशीर्वाद दिला.

शुक्रवारी, आठवडा भरायच्या आधीच, आयशाचं प्लास्टर मेमरीने एकटीने बदललं, आमच्या डोळ्यांदेखत व्हावं म्हणून. मी आणि डॉक्टर हात मागे बांधून उभे. पांढरंशुभ्र, गुळगुळीत, कोरं. अगोगोने त्यावरून बोट फिरवून पाहिलं, कुठे काही लिहिलंय का म्हणून.

नाशकात परतल्यावर साक्षीचा, म्हणजे उभं राहून अनुभव सांगायचा, रविवार झाला. पडद्यावर फोटो, मागे पेटीवर गीत. पाळकसाहेबांनी सांगितलं की आम्ही एका गावाचं जीवन बदललं. माझी पाळी आली तेव्हा मी म्हटलं, “आम्ही एका मुलीच्या पायावर देवाचं नाव लिहून तिचा एक आठवडा वाया घालवला. नंतर एका नर्सला प्लास्टर शिकवलं. बाकी पाठदुखीच्या गोळ्या दिल्या, त्या तिथेही मिळतात.” टाळ्या वाजाव्यात की नाही हे मंडळीला कळेना. पुढच्या रांगेतून सुमनआक्कांनी एकट्यांनीच वाजवल्या.

त्यानंतर दर सोमवारी दुपारी माझा फोन वाजायचा. मेमरी आयशाची पावलं समोरून, मागून, बाजूने दाखवायची. इकडे माझ्या टेबलावर कोणीतरी मान अडकलेला बँक मॅनेजर पालथा पडलेला असायचा, तो विचारायचा, “मॅडम, कोण बोलतंय?” मी सांगायची, “गप पडून राहा, पाय चाललेत.” चौथ्या प्लास्टरला पाऊल पाहिजे तेवढं वळेना. मी डॉक्टरांच्या केबिनमध्ये धावले. त्यांनी पडद्यावर पाहून सांगितलं, “अंगठा खाली सरकलाय, टेंगळावर नाही.” मेमरीने तिथल्या तिथे ते काढलं आणि नवं घातलं. पुढे जिल्ह्याच्या डॉक्टरांनी टाचेवरचा छेद दिला. बूट आले. आयशाला ते आवडेनात, रात्रभर रडायची. अगोगोला दया येऊन ती बूट काढून ठेवायची. मेमरीने कसं समजावलं ते मला माहीत नाही, तिने सांगितलं नाही. एवढंच म्हणाली, “मी सुमनआक्कांचं नाव घेतलं.”

पुढल्या वर्षी पाळकसाहेबांनी दुसऱ्या सेवाफेरीची घोषणा केली. टी-शर्टचा रंग आकाशी की पोपटी, यावर एक मीटिंगही झाली. तोवर मेमरीचा निरोप आला. तिने फार नम्र इंग्रजीत लिहिलं होतं की नाशिकच्या मंडळीचे आभार, पण यंदा येऊ नये. पाहुण्यांची सरबराई करण्यात दवाखान्याचे दोन आठवडे जातात. त्याऐवजी प्लास्टरच्या पट्ट्या आणि लहान मापाचे बूट पाठवावेत.

पाळकसाहेबांनी तो निरोप मंडळीला वाचून दाखवला. कोणीतरी म्हणालं, “म्हणजे आपल्याला नको म्हणतायत?” पाळकसाहेबांनी कागदाची घडी घातली. त्या माणसाचं एक मानते. ते म्हणाले, “पाठवा.”

पट्ट्या गेल्या, बूट गेले. आम्ही गेलो नाही.

आयशा आता चालते. दोन्ही तळवे पूर्ण जमिनीला टेकतात. तळ्याकाठच्या त्या दवाखान्यात वाकड्या पायांचं मूल आलं तर प्लास्टर मेमरी घालते, आणि शेवटपर्यंत घालते.